तात्या हलले नव्हते

कपाटातून जुन्या कॅमेऱ्याचं चामडी कव्हर काढलं आणि त्याच्या बुरसट वासाबरोबर वेल्ह्याच्या डोंगरातलं ते लग्न आठवलं. डोकं आजही तापतं.

तेव्हा मी भोरच्या एका स्टुडिओत फोटो काढायला होतो. निघताना मालकाला म्हणालो, "याचं शटर अडकतंय, दुसरा द्या." दुसरा, भारीतला, त्याने पेठेतल्या लग्नासाठी राखला होता. "डोंगरात हाच चालतोय. त्यांना काय कळतंय?" आणि मी मुकाट्याने तोच उचलला.

पाठवणीला नवरीचे वडील, तात्या, लेकीशेजारी उभे राहिले. आयुष्यातला पहिलाच फोटो. अंगाला मेंढरांचा वास, डोक्याला नवा फेटा, आणि श्वास रोखून असे ताठ उभे की फेट्याचा शेमलासुद्धा हलला नाही.

रोल धुतल्यावर कळलं. प्रत्येक फोटोत लेक लख्ख आणि तात्यांच्या जागी काळा पट्टा. शटर अर्ध्यातच अडकलं होतं.

आता लोक चहा पीत शिकवतात, कॅमेरा कुठलाही चालतो, नजर हवी. अरे, नजर होती की माझी! तिने काय त्या पट्ट्यातून तात्या ओढून काढायचे होते?

फोटो न्यायला तात्या डोंगर उतरून आले. मालक त्यांना बेधडक म्हणाला, "तुम्ही हललात, म्हणून असं झालं." मी शेजारीच होतो. फोटो पाकिटात भरत राहिलो.

तात्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "चुकलं माजं, दादा. लई दम धरून हुबा व्हतो, पर म्हातारं अंग हाय. हाललं आसंल."