हात न लावलेला सोफा

काकूंइतकी किळस येणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि याच बाईंनी लखनौमध्ये लोकांची घरं साफ करून देण्याचा धंदा काढला होता. गिऱ्हाइकाच्या दारात चप्पल काढता काढताच त्या माझ्या कानाशी पुटपुटत, "शी! वास आला का गं?" आणि पुढच्याच क्षणी घरच्या बाईंना गोड हसून सांगत, "बहुत सुंदर घर है आपका." मग मी हसू दाबत बादली उचलायची.

काकू मूळच्या वाईच्या. काका रेल्वेत इंजिनिअर होते. बदल्या होत होत शेवटी लखनौला आले, महानगर नावाच्या वस्तीत घर घेतलं आणि निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत गेले. मुलगा परदेशात. सगळ्यांना वाटलं, बाई आता पुण्याला बहिणीकडे जातील. बाईंनी काकांची गाडी विकली आणि रिकाम्या गॅरेजमध्ये सोफे-गालिचे धुवायचं मशीन आणून ठेवलं. मी शेजारची. माझा नवरा इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, आणि मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून पोळ्या लाटत होते. काकू एके दिवशी फाटकातूनच म्हणाल्या, "तुला केमिकल कळतं ना? मग घरात काय करतेस? चल." त्यानंतर आठ वर्षं मी त्यांच्याबरोबर होते.

त्यांची कामाची एक रीत होती. हातमोजे घालायचे नाहीत. आमच्याकडच्या दोन बायकांना आणि मला त्यांनी हौसेनं मोजे आणून दिले होते, पण स्वतः कधी घातले नाहीत. "मोजे घातले की घाण कळत नाही," म्हणायच्या. काम झालं की उघडा तळवा सोफ्याच्या बैठकीवर, पाठीवर, उशांच्या फटीत फिरवायचा. ओल राहिली असेल, साबण राहिला असेल, तर तो हात थांबायचा. मग "फिरसे," एवढंच. त्या हातानं तुंबलेली न्हाणीघरं मोकळी केली होती.

आणि लखनौतल्या सोफ्यांबद्दल काय सांगावं! या शहराची तहज़ीब सोफ्यावर बसते आणि तिची सगळी घाण उशीखाली जाते. आम्हाला काय काय सापडलं आहे! नखांचे कातरलेले तुकडे, दगड झालेला कबाब, पानाची पिंक पुसलेले रुमाल, एकदा तर अख्खी कवळी. घरचे म्हणाले, "अरे, अब्बू दो साल से ढूँढ रहे थे!" आणि ती कवळी आमच्यासमोर नुसत्या पाण्यानं खळखळून आत गेली. अब्बूंनी लगेच बिस्किटही मागवलं. काकू बाहेर येऊन कडुलिंबाच्या झाडाला टेकून उभ्या राहिल्या. "आता मी आठवडाभर जेवत नाही," म्हणाल्या. दुपारी मात्र दोन वेळा भात घेतला.

अशा या बाईंना एकाच गोष्टीला हात लावता येत नसे. चामड्याला. पायात कापडी चपला, खांद्याला कापडी पिशवी, घड्याळाचा पट्टा स्टीलचा. काका होते तेव्हा त्यांचा कंबरेचा पट्टा पलंगावर पडलेला दिसला तर काकू वर्तमानपत्रात धरून उचलत. "मेलेल्याचं कातडं गं ते," त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, काकू, कालच तुम्ही लोकांचा संडास घासलात. त्या म्हणायच्या, "ते वेगळं." कसं वेगळं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला ती एक गंमतच वाटायची.

पण लखनौ बदललं. गोमतीपलीकडच्या नव्या फ्लॅटांत जो तो लेदरचा सोफा घेऊ लागला. फोन आला की पहिला प्रश्न, "मैडम, लेदर भी करते हैं क्या?" काकू "नहीं" म्हणायच्या आणि समोरचा गालिच्यांचं कामही दुसरीकडे न्यायचा. असं वर्षभर झालं. शेवटी आमच्या दोन बायकांपैकी एकीला घरी बसवायची वेळ आली, तेव्हा काकूंनी ओठ घट्ट मिटून सांगितलं, "करू. पण माणूस ठेवू."

तो माणूस म्हणजे मास्टर. तेलीबागेत राहायचे. साठीचे, बारीक, पांढऱ्या शर्टाची कॉलर नेहमी कडक. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचं काम. त्यांचं स्वतःचं आयुष्य लष्करी छावणीच्या बाजूला घोड्यांची खोगिरं शिवण्यात गेलं होतं. पहिल्याच घरी त्यांनी एका तपकिरी सोफ्याच्या पाठीवर फेस लावला, मऊ ब्रश फिरवला आणि कापडावर काळ्या चिकट वळकट्या गोळा झाल्या. खालून पांढरा सोफा निघाला! घरची बाई म्हणाली, "कितना तेल जमा था." मास्टर शांतपणे म्हणाले, "तेल नहीं है जी, दस साल के बैठने वाले हैं." काकू दाराशी पदर नाकाला लावून उभ्या होत्या, तरी हसल्या.

मास्टर ओल हातानं बघायचे, अगदी काकूंसारखेच, आणि खात्री नसली तर वाकून गाल टेकवायचे. "बहनजी, आँख से नहीं, हाथ से देखिए," ते काकूंना दर वेळी म्हणत. काकू दोन पावलं मागूनच म्हणत, "दिसतंय ना मला. अच्छा है, अच्छा है." आयुष्यात पहिल्यांदाच त्या हात न फिरवता काम पास करू लागल्या होत्या.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला मला लाज वाटते. गॅरेजमध्ये चहा व्हायचा तेव्हा आम्हा सगळ्यांना काकूंच्या घरातले कप यायचे. मास्टरांचा काचेचा ग्लास वेगळा, खिडकीच्या गजाशी ठेवलेला. तो तेच घ्यायचे, तेच नळाखाली विसळायचे, तेच परत ठेवायचे. काकू चहा वरून ओतायच्या. कवळीची किळस, पिंकेची किळस मी समजू शकते. पण या ग्लासाची मला जी किळस आली ती आजही गेलेली नाही. एकदा मी हळूच विषय काढला तर म्हणाल्या, "अगं, त्यांना काही वाटत नाही. सवय असते त्यांना." आठ वर्षांत मी काकूंशी साबणावरून भांडले, ब्रशवरून भांडले, त्या ग्लासावरून एकदाही नाही. म्हणजे किळस नुसती काकूंचीच करून भागत नाही.

मग लखनौजवळच्या मलिहाबादचं काम आलं. दशहरी आंब्याच्या बागांचे एक मोठे मालक होते. त्यांच्या बैठकीत चामड्याचे पाच सोफे, आणि हंगामात लोकांनी त्या सोफ्यांवर आंब्याच्या टोपल्या ठेवलेल्या. देठाचा चीक गळून चामड्यावर काळे चट्टे पडले होते. काहींवर आंबे खाऊन पुसलेली बोटं. फटीत कोया. कोयांना पांढरे किडे. तीन दिवस मास्टर गुडघ्यांवर बसून एकेक चट्टा काढत होते. चीक कोरडा होऊन आत उतरला होता, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त ओलं करावं लागलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मालक म्हणाले, उद्यापासून रंगकाम आहे, सोफे प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागच्या खोलीत ठेवून द्या.

मास्टर म्हणाले, "बहनजी, दो दिन पंखे के नीचे रहने दीजिए. सिलाई के अंदर नमी है."

काकू दोन पावलांवरून बघत म्हणाल्या, "सूखा तो है."

"हाथ लगाकर देखिए."

"दिखता है ना सूखा. बाँध दो."

त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. मी तिथेच उभी होते, मी दोन्ही वेळा ऐकलं. मग त्यांनी प्लास्टिक गुंडाळलं.

भाद्रपदाच्या दमट हवेत तीन आठवडे ते सोफे तसेच होते. मालकांचा फोन आला तेव्हा आवाजावरूनच कळलं. आम्ही तिघं गेलो. मागच्या खोलीचं दार उघडलं. प्लास्टिकच्या आतून हिरवी-पांढरी बुरशी केसाळ होऊन चढली होती, आणि वास असा की उंदीर मरून आठवडा झाला असावा. मास्टरांनी वाकून शिवणीत बोट घातलं आणि ते आमच्यापुढे धरलं. बोट ओलं होतं.

मालक आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. ते अदबीनं बोलत, आणि तेच जास्त घाणेरडं होतं. "बहनजी, आप तो अच्छे घर की हैं," ते काकूंना म्हणाले. "आपसे क्या शिकायत. ग़लती हमारी है कि इस तरह के लोगों को बैठक तक आने दिया. इनके हाथ में सफ़ाई हो ही नहीं सकती." मास्टर तिथेच उभे होते, दोन हातांवर. ते मालकांकडे बघत नव्हते, काकूंकडे बघत होते. काकूंकडून एकच वाक्य हवं होतं, यांनी दोनदा सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही, एवढंच. काकू खाली फरशीकडे बघत राहिल्या. मीही.

मास्टरांनी ब्रश कापडात गुंडाळले, पिशवीत ठेवले, आणि बागेतून चालत रस्त्याला लागले. आमच्या गाडीत बसले नाहीत.

दोन दिवस काकूंनी मशीनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभ्या. "चल मलिहाबादला," म्हणाल्या. बैठकीत जाऊन त्यांनी मालकांना आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "ग़लती मेरी है. उन्होंने दो बार बोला था. मैंने हाथ नहीं लगाया. आपने जो उनको बोला, वो मुझे बोलने का था." मालक म्हणाले, "अरे, छोड़िए न बहनजी." काकू म्हणाल्या, "नहीं छोड़ती." मग पदर खोचून त्या मागच्या खोलीत गेल्या आणि उघड्या हातानं बुरशी पुसायला लागल्या. सत्तरीच्या जवळ आलेली बाई, आयुष्यात पहिल्यांदा चामड्याला हात लावत होती, आणि तेही सडलेल्या. दहा मिनिटांत बाहेर येऊन आंब्याच्या बुंध्याशी भडाभडा ओकल्या. चूळ भरली, परत आत गेल्या. असं तीन वेळा झालं. मी मोजे पुढे केले ते त्यांनी घेतले नाहीत. काम चार दिवस चाललं. शेवटी त्यांनी प्रत्येक शिवणीत बोट घालून पाहिलं आणि वाकून सोफ्याला गाल लावला. मला त्यांचा खूप अभिमान वाटला, हे मी लपवत नाही.

काकू गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. त्यानंतर शेवटपर्यंत लेदरचं काम त्यांनी स्वतः केलं, मला शिकवलं, आज मीही मोज्यांशिवाय करते. लोक विचारतात, इतकं बारीक काम कुठे शिकलात. मी काकूंचं नाव सांगते, आणि दर वेळी अर्धंच खरं सांगितल्यासारखं वाटतं.

कारण मलिहाबादहून आम्ही थेट तेलीबागेत गेलो होतो. काकूंची खात्री होती की मास्टर परत येतील. गाडीत म्हणत होत्या, "मी सगळं कबूल केलंय गं. आणखी काय करायचं माणसानं?" मास्टरांचं घर गल्लीच्या टोकाला, दोन खोल्यांचं, लख्ख. आमच्या कुठल्याही गिऱ्हाइकाच्या बैठकीपेक्षा लख्ख. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः उभे राहिले. काकूंनी सगळं सांगितलं, मालकांना काय म्हणाल्या तेही. मास्टरांनी लक्ष देऊन ऐकलं. मध्ये एकदाच विचारलं, "सिलाई के अंदर तक सूखा?"

"हाँ. मैंने ख़ुद छूकर देखा. गाल लगाकर," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा परीक्षेत पास झालेल्या मुलीसारखा झाला होता. "अब आप आइए मास्टरजी. आपके बिना नहीं होगा."

मास्टर अगदी हळू, कुठेही राग न येऊ देता म्हणाले, "सोफ़ा तो छू लिया आपने, बहनजी."

काकूंना ते कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला, आणि त्या खुर्चीतून उठल्या. दोन वर्षं ज्यांच्या ग्लासात वरून चहा ओतला, त्यांच्याकडे त्यांनी आपला उजवा हात पुढे केला. त्याला अजून बुरशीचा वास येत होता.

मास्टरांनी त्या हाताकडे पाहिलं, आपले दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "आपको दूर जाना है, चलिए, मोड़ तक छोड़ आता हूँ."