ब्लीचकाकू चिखलात उतरल्या

लॉन्ड्रीवाल्या काकूंना अख्खी गल्ली पाठीमागे ‘ब्लीचकाकू’ म्हणायची, कारण त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला की समोरच्याचा रंग उडायचा. एखादं गिऱ्हाईक शर्ट पुढे करून म्हणायचं, “चहा सांडला हो कॉलरवर.” काकू कॉलर उजेडात धरायच्या. “चहाने ओठांना लाली लावली होती वाटतं?” गिऱ्हाईक पावती न घेताच पसार. मागच्या खोलीत मशीन घरघरत असायचं, कोपऱ्यात काका मान खाली घालून इस्त्री फिरवत असायचे आणि काउंटरवर काकूंचं न्यायालय भरायचं.

अशात लेकीच्या शाळेने चिखलातली अडथळ्यांची शर्यत जाहीर केली. एक पालक, एक मूल, दोघांचं एकेक मनगट फडक्याने एकत्र बांधलेलं.

“माणसांनी मुद्दाम चिखलात लोळायचं? मग म्हशींनी जायचं कुठे?” काकू म्हणाल्या.

त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. नववीतल्या लेकीने बाबांचं नाव दिलं होतं. पण ऐन शर्यतीच्या सकाळी काकांची कंबर धरली. आजच बरी धरली, असं काकूंनी म्हटल्यावर काकांनी भिंतीकडे तोंड करून नुसतं कण्हून दाखवलं.

“राहू दे. मी पण नाही जात,” लेक म्हणाली.

“का? मी काय मेले?”

“आई, तू नको ना. तू सगळ्यांना काहीतरी बोलतेस. मग मला वर्गात तोंड दाखवायची चोरी होते.”

हे काकूंना लागलं. पण लागलंय हे दाखवतील तर त्या काकू कसल्या? त्यांनी काकांची जुनी ट्रॅक पँट चढवली, नाडी आवळली आणि म्हणाल्या, “तोंडाला कुलूप. चल.”

शाळेने टाकीला पाइप लावून मैदानाचा पार राडा करून ठेवला होता. शिट्टी वाजली. टायरांमधून काकू ओल्या फरशीवरच्या मांजरीसारख्या पाय झटकत गेल्या. पुढे जमिनीपासून हातभर उंचीवर जाळं बांधलेलं. लेक सपकन पोटावर आडवी झाली. काकू उभ्याच.

“आई, झोप ना!”

“इथे?”

तेवढ्यात मागून दातांचे डॉक्टर आपल्या मुलाला ओढत आले. “ओ बाई, सरका की!” म्हणत त्यांनी खांदा मारला आणि काकू तोंडावर आपटल्या. पचाक्!

काकूंनी हळूच डोकं वर काढलं. डोळे तेवढे काकूंचे, बाकी सगळा चिखल. लेकीने आधीच डोळे मिटून घेतले होते.

“अहो दातवाले!” कुलूप तुटलं. “रोज लोकांची तोंडं उघडता ना? आता माझं उघडलंय. मिटवून दाखवा!”

मैदानभर हशा पिकला. डॉक्टरांचा पाय सटकला आणि ते जाळ्यात घोरपडीसारखे अडकले. आणि बांधलेल्या मनगटाला गदगदा हिसके बसू लागले. लेक रडतेय, असं वाटून काकूंनी घाबरून वळून पाहिलं. ती पोट धरून हसत होती.

“आई,” ती धापा टाकत म्हणाली, “त्यांना अजून एक सांग ना.”

“पुढच्या फळीवर सांगते. आधी लोळ!”

रांगण्यापेक्षा लोळणं सोपं पडतं, हा शोध काकूंचा. कधी आई वर, कधी लेक वर, अशा त्या जाळ्याखालून गडगडत बाहेर पडल्या. खड्ड्यावरच्या फळीवरून काकू पडल्या, त्यांच्यामागे अर्थात लेकही पडली. तिच्या नाकावरचा चिखल पुसायला काकूंनी हात नेला आणि होता तो चेहराही नाहीसा केला. मग तिथेच बसून दोघी इतक्या हसल्या की डॉक्टर, त्यांचा मुलगा आणि उरलेली सगळी पलटण त्यांना ओलांडून गेली.

नंबर शेवटचा आला. पांढऱ्याशुभ्र कोटातल्या मुख्याध्यापकांनी मोठ्या मनाने हात पुढे केला. काकूंनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि कोटाकडे बघत सवयीने म्हणाल्या, “गार पाण्यात भिजवा हं. गरम लावलंत तर डाग बसेल.”

त्या अवतारात रिक्षावाला काही त्यांना घेईना. दोघी चालत निघाल्या. वाटेत लेक सगळी शर्यत पुन्हा पहिल्यापासून सांगत होती, जणू काकू तिथे नव्हत्याच. काकूंनीही मध्ये एक शब्द टाकला नाही.

ते कपडे मग बादलीत पडून राहिले. धुवायला सवडच होत नाही, असं लॉन्ड्रीची मालकीण सगळ्यांना सांगायची. शेवटी वास असह्य झाला तेव्हा काकांनी गुपचूप ते मशीनमध्ये टाकले, वाळवले आणि कडक इस्त्री करून काउंटरवर ठेवले. कपडे स्वच्छ धुतले म्हणून नवऱ्याने बोलणी खाल्ल्याचं त्या गल्लीने तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.