उंबऱ्यावरचं कुंकू

“बनानेवाला एक है, तो पराया कौन?”

इजहार चचांचं हे बोलणं अलीगंजच्या त्या गल्लीत सगळ्यांना पाठ झालं होतं. चचा मशिदीचे खादिम. झाडलोट करायची, चटया अंथरायच्या, नमाजाआधी हातपाय धुवायचा वजूचा हौद भरायचा, अजान द्यायची आणि हौदामागच्या खोलीत एकट्यानं निजायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नव्हतं. पण संध्याकाळची नमाज सुटायची वेळ झाली की हा वाळका म्हातारा लग्नघरच्या यजमानासारखा लगबगायला लागायचा.

कारण त्या वेळी फाटकाबाहेर बायका उभ्या असायच्या. कडेवर किरकिरं पोर, हातात पाण्याची बाटली. बहुतेक हिंदूच. नमाज पढून बाहेर येणारा प्रत्येक जण त्या पोरावर, त्या पाण्यावर हलकीशी फुंकर घालून पुढं जायचा. ही तिथली जुनी रीत. चचा म्हाताऱ्यांना बसायला स्टूल द्यायचे, सुरईतलं पाणी द्यायचे आणि एकेकीला बजावायचे, की फुंकर ही नुसती हवा आहे, बरं करणारा तो एकच, आणि डॉक्टरचं औषध मात्र सोडायचं नाही.

कुणाला आत पाहायचं असलं तर हाताला धरून न्यायचे. शेजारच्या इमारतीतले, बँकेत नोकरी करणारे रमाकांत एकदा आत गेले. सगळीकडे मान फिरवून म्हणाले, “चचा, इथं तर काहीच नाही. देव ठेवलाय कुठं?”

“ठेवता आला असता तर हरवलाही असता, बाबूजी,” चचा म्हणाले. “ही रिकामी भिंत बघा. बघण्यासारखी तीच आहे.”

वीणा त्या फाटकाशी प्रथम आली ती गेल्या थंडीत. ती साताऱ्याकडची. नवरा श्रीरंग रेल्वेत इंजिनियर, म्हणून इकडे उत्तरेत आलेली. धुक्यानं सूर्य दिसेनासा झाला होता आणि लहानग्या वेदिकाचा ताप उतरत नव्हता. औषधं चालू होती, तरी संध्याकाळ झाली की पोर फणफणायची. धुण्याभांड्याच्या बाईनं फुंकरीचं सांगितलं, आणि वीणा शालीत गुंडाळलेली लेक घेऊन उभी राहिली. चचांनी तिला स्टूल दिलं, डॉक्टरचं नाव विचारलं, मग फुंकर घातली. वीणानं डोळे मिटले आणि मनातल्या मनात नवस बोलली.

ताप उतरला. औषधानं उतरला की कशानं, कोण सांगणार. पण बोललेला नवस फेडल्यावाचून राहायची वीणाची जात नव्हे.

तिच्या माहेरी वेशीवर पीर होता. नवस फेडायचा तर पिरापुढं नारळ फोडायचा, कुंकू वाहायचं, पिराची सेवा करणाऱ्या मुजावराच्या पाया पडायचं. अख्खं गाव तसंच करी, आणि कुणाला त्यात वावगं दिसत नसे. मशिदीत पीर नसतो, इथं कुणापुढं काही वाहायचं नसतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी ती ताट घेऊन आली. पायरीवर नारळ फोडला, उंबऱ्याला कुंकवाची बोटं ओढली, आणि चचा दारात आले तशी त्यांच्या पायांवर डोकं टेकलं.

निखारा लागावा तसे चचांनी पाय मागं घेतले. “मी नाही बेटी, मी कुणी नाही. ऊठ,” ते म्हणाले, आणि बोटानं वर आभाळ दाखवलं.

कुणीतरी मोबाइलवर हे टिपलं होतं, आणि रातोरात ते सगळीकडे फिरलं. त्यात टेकलेलं डोकं होतं, कुंकू होतं. चचांचं बोलणं मात्र नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गल्ली दोन्हीकडून पेटली. आतले म्हणाले, एका अल्लाच्या घरात माणसाच्या पायावर डोकं कसं चाललं? बाहेरचे म्हणाले, आमच्या बायकांना हा म्हातारा नादी लावतो. मशीद समितीचे वकारसाहेब वाईट माणूस नव्हते, भ्यालेले होते. त्यांनी चचांना विचारलं, ती बाई कोण? चचांनी नाव सांगितलं नाही. नाव बाहेर पडलं तर तिच्या दारात गर्दी जमेल, एवढंच म्हणाले.

चचांना मशिदीतून काढणार हे वीणाला कळलं तेव्हा ती चप्पल पायात सरकवू लागली. श्रीरंगनं अडवून पाहिलं. “सरकारी नोकरी आहे, वीणा. आणि हे आपलं गाव नाही.”

“माझ्यापायी त्यांचं घर जातंय,” ती म्हणाली आणि निघाली.

वकारसाहेबांना तिनं सगळं सांगितलं. पीर, नवस, चुकी तिची. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, चहा मागवला. मग खाली बघत म्हणाले, “बहनजी, मला पटलं. पण खरं काय ते ऐकायला आता कोण थांबलंय?” चचांना जावंच लागणार होतं. संध्याकाळी फाटकही बायकांना बंद राहणार होतं.

परतताना ती मशिदीपाशी आली तेव्हा चचा उंबरा धूत होते. कुंकू दगडाच्या भेगांत मुरलं होतं, निघता निघत नव्हतं. वीणा पुढं झाली आणि फडकं घ्यायला हात केला.

“राहू दे बेटी,” ते म्हणाले. “तू प्रेमानं लावलंस. फक्त पत्ता चुकला.” त्यांनी फडकं पिळलं. “पोरगी जेवते ना नीट?”

वीणानं मान डोलावली.

चचा शहराच्या दुसऱ्या टोकाला, सरोजिनी नगरला पुतणीकडे जायला निघाले तेव्हा दिवस मावळत होता. एक पत्र्याची पेटी, गुंडाळलेली गादी. सुरई त्यांनी फाटकाबाहेर भिंतीशी भरून ठेवली. अजान झाली, ती दुसऱ्याच्या आवाजात. चचा रस्त्यात थबकले, ऐकून घेतली, ओठांतल्या ओठांत तिचेच शब्द म्हणून उत्तर दिलं आणि पुन्हा चालू लागले.

नमाजी आत गेले आणि फाटकाला आतून कडी पडली. बाहेर बाटल्या घेऊन आलेल्या बायका तशाच उभ्या होत्या; त्यांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. वेदिकाचा हात धरून वीणाही त्यांच्यात उभी राहिली. वळणावर रिक्षांच्या गर्दीत ती पेटी दिसेनाशी होईपर्यंत सगळ्याजणी तिकडेच बघत होत्या.