गयाबाईंनी शिवून टाकलेली माझी सात चित्रं

गेल्या आठवड्यात मी इथे चार नव्या चित्रांचे फोटो टाकले. तागाचं कापड, जुन्या वह्यांची पानं, काळी माती, चुना, थोडं डांबर, म्हणजे माझा नेहमीचाच पसारा. खाली तिघाचौघांनी एकच प्रश्न विचारला, की प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात ते शिवलेलं ठिगळ कशासाठी? सध्या जालन्यात आमच्या गटाचं प्रदर्शन चालू आहे, तिथेही लोक हेच विचारतात आणि मी "सवय हो" म्हणून वेळ मारून नेतो. आज खरं काय ते सांगून टाकतो. त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर परतूरजवळच्या आष्टीला यावं लागेल. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती तेव्हाच्या आष्टीला.

मी औरंगाबादला एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. मुंबईच्या एका मोठ्या प्रदर्शनाला दोनदा चित्रं पाठवली होती, दोन्हीदा परत आली होती. तिसऱ्यांदा परत आली तर रंग माळ्यावर टाकून शिकवण्या धरायच्या, असं मी वडिलांना कबूल करून बसलो होतो. त्यामुळे त्या वर्षी जीव ओतून सात चित्रं केली. दुष्काळी कामांवर मजुरांसाठी अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची, तिची रिकामी पोती मिळवली. ती लाकडी चौकटींवर ताणली, माती आणि चुना लावला, आणि तापलेल्या सळईनं प्रत्येकाला मधोमध एक भोक पाडलं. भोक हेच चित्र होतं. बाकी सगळं त्या भोकाभोवती.

माझा कॉलेजातला मित्र भीमराव आष्टीच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याचं पत्र आलं, "मुंबईवाल्यांना दाखवायच्या आधी ज्यांचा दुष्काळ त्यांना दाखव. बाजाराच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात मांडू." मला वाटलं, छान कल्पना आहे. सोमवारी चित्रं मुंबईला रवाना करायची होती, त्याआधी चार दिवस हाताशी होते. निघालो.

आज जाणार असाल तर परतूरपर्यंत रेल्वेनं जा, पुढे आष्टीला एसटी मिळते. तेव्हाही रस्ता हाच होता, फक्त रूळ अरुंद होते आणि गाडीला घाई नव्हती. जालना जिल्हाही झालेला नव्हता, परतूर परभणीत होतं. तिकीट किती पडलं ते आठवत नाही, पण तेवढ्यात आज चहासुद्धा यायचा नाही. जालना स्टेशनवर गरम भजी खाल्ली आणि दुपारी परतूरला उतरलो. एसटीच्या टपावर चित्रं चढवताना कंडक्टरनं एक चौकट वर धरली आणि भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"ह्ये काय हाय?"

"चित्र आहे."

"फाटून गेलंय की. वाटंत फाटलं म्हणून माझ्यावर घालू नका, आधीच सांगून ठेवतो."

मी हसलो. माझ्या कलेवर झालेली आष्टीची ही पहिली टीका. ती शेवटची असती तर बरं झालं असतं.

भीमरावचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत गौतम बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली शाळेच्या तक्त्यांची गुंडाळी. घरात त्याची बायको शांता आणि आई गयाबाई. गयाबाई अंगणात बसून गोधडी शिवत होत्या. टाके इतके सरळ की पट्टी धरून ओढल्यासारखे. शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी त्यांनी शांताकडून ज्वारीच्या भाकरीचा एक तुकडा मागून घेतला, तो दोन पदरांच्या मध्ये सरकवला आणि वरून टाके घातले.

"हे काय, आई?" मी विचारलं.

"घास हाय, बाबा. दोन पदरी शिवलं की आत घास ठिवावा. गोधडी उपाशी ठिवली तर पांघरणाराची ऊब खाती."

मला मोठी गंमत वाटली. वहीत टिपून ठेवलं आणि विसरून गेलो. रात्री भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा असं जेवण झालं. ठेच्यानं कानातून धूर निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रं पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली आणि भीमराव मला हुरड्याला घेऊन गेला. तुम्ही कधी गेलात तर थंडीत जा, आणि रानात बसून हुरडा खाल्ल्याशिवाय परतू नका. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, वर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. खाताना मी भोकांवर व्याख्यान देत होतो. रिकामं पोट, रिकामी विहीर, रिकामं आभाळ, सगळं त्या भोकात कसं आहे ते. भीमराव बिचारा मान डोलवत होता.

दुपारी घरी परतलो आणि उंबऱ्यातच थिजलो.

एकाही चित्रात भोक नव्हतं. सातही भोकांवर हिरव्यागार लुगड्याची दोन पदरी ठिगळं होती, काठोकाठ, बारीक धावदोऱ्यानं शिवलेली. मातीचा पापुद्रा उडालेल्या जागीसुद्धा दोन दोन टाके मारून आधार दिला होता. शेवटच्या चित्रावर गयाबाई वाकल्या होत्या, हातात दाभण, दातांत दोरा. मला पाहून त्यांनी दोरा तोडला आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

"झालं बघ. जल्दी जल्दी उरकलं, तुम्ही यायच्या आत."

मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही, लाज वाटते. भीमरावच्या आईशी त्या स्वरात त्या घरात कोणी बोललं नसेल. त्यांचं हसू उतरलं.

"मला वाटलं, वाटंत फाटली," त्या म्हणाल्या. "लेकरू मुंबईला न्यायचं म्हणतंय, फाटकी कशी न्यावीत? खडीच्या कामावर व्हतो तव्हा मिलोचं पोतं डोक्यावर घेऊन तीन कोस चालत आल्ते. घरी येऊन बघते तं निम्मं पोतं वाटंला सांडलेलं. बारकं भोक व्हतं, दिसलंच न्हाई. मंग भीमरावच्या बापाला आन् मला दोन दिवस पेजेवर राहावं लागलं. तव्हापासून पोत्याला भोक दिसलं की हात थांबत न्हाई, बाबा."

शांता हळूच म्हणाली, "लुगडं बी चांगलं व्हतं त्यांचं. पाव्हण्याच्या कामाला जुनेर नको म्हणल्या."

हे सगळं मी ऐकलं, पण डोक्यात शिरू दिलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे फक्त सोमवार होता, आणि माळ्यावर चढणारे रंग.

बाजाराच्या दिवशी प्रदर्शन मांडलं ते भीमरावची लाज राखायला. शाळेनं गावात दवंडी दिली होती. लोक आले, भाजीच्या पिशव्या घेऊन आले, आणि मला दुसरा धक्का बसला. माती, चुना, डांबर यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. सगळे ठिगळापुढे उभे राहत होते. एक फेटेवाले शेतकरी चष्मा पुसून जवळ गेले आणि विचारते झाले, "टाके बराबर पडलेत. कोणी शिवलं?" बायका बोटांनी ठिगळं चाचपत होत्या आणि कोण कुठल्या कामावर होतं, कुणाचं पोतं कुठे सांडलं, ते एकमेकींना सांगत होत्या. गयाबाई मात्र व्हरांड्याच्या टोकाला, माझ्यापासून लांब बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

रविवारी निघताना त्यांनी भाकरी-चटणीची शिदोरी पुढे केली. मी ती घेतली, पिशवीत कोंबली आणि पाया न पडता एसटीत चढलो. परतूर, जालना, औरंगाबाद. वाटेत शिदोरी उघडली नाही. रागाच्या माणसाला भूकही लागत नाही.

सोमवारी सकाळी दाढीचं पातं घेऊन पहिल्या चित्रापुढे बसलो. दुपारपर्यंत सातही ठिगळं उसवून पार्सल करायचं ठरवलं होतं. टाके सहज सुटेनात. बाईनं दोरा दुहेरी घेतला होता. कसाबसा एक कोपरा मोकळा केला, ठिगळ ओढलं, आणि माझ्या मांडीवर काहीतरी टपकन पडलं.

वाळलेला भाकरीचा तुकडा.

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. दुसऱ्या चित्राचं ठिगळ चाचपलं, आत कडक काहीतरी लागलं. तिसऱ्यातही, चौथ्यातही. सातही चित्रांना तिनं जेवू घातलं होतं. जिनं सांडलेल्या पोत्यापायी दोन दिवस पेज पिऊन काढले होते, तिनं माझ्या चित्रांना घास भरवला होता, आणि मी तिच्या अंगावर ओरडून आलो होतो. मी एकटाच खोलीत हुंदके देऊन रडलो. मग पिशवीतली शिदोरी काढली आणि ती शिळी, कडक भाकरी चावून चावून खाल्ली. एक तुकडा राखून ठेवला, उसवलेल्या ठिगळात घातला आणि वरून टाके घातले. माझे टाके गांडुळासारखे वाकडे आले. दुपारी सातही चित्रं तशीच मुंबईला पाठवली.

दोन महिन्यांनी पेटी परत आली. नकाराची चिठ्ठी वरच होती, ती वाचून फार वाईट वाटलं नाही. खरा धक्का खाली होता. वाटेत कुठल्यातरी गोदामात उंदीर शिरले होते. त्यांनी बाकी कशाला तोंड लावलं नव्हतं, फक्त सातही ठिगळं कुरतडून आतली भाकरी खाल्ली होती. सातही चित्रांना पुन्हा मधोमध भोकं. मी सळईनं पाडली होती जवळपास तेवढीच.

आता हे त्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं? तरी पुढच्या रविवारी तीच गाडी धरली, त्यातली तीन चित्रं घेऊन आष्टीला गेलो. आधी पाया पडलो. मग चित्रं त्यांच्यापुढे ठेवली आणि मान खाली घालून म्हणालो, "आई, तुमचं सगळं काम उंदरांनी खाल्लं."

त्यांनी भोकातून हात घालून पाहिला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. हसताना डोळ्यांत पाणी आलं.

"आरं, कोणाच्या तरी पोटात गेलं न्हवं? वाटंला सांडलं न्हाई, ह्ये काय थोडं झालं?" मग त्यांनी सुईत दोरा ओवला आणि सुई माझ्या हातात दिली. "बस. आता तू शिव, मी बघते. आन् आधी शांताकडून भाकर माग."

वडिलांना मी शिकवण्या धरणार नाही म्हणून सांगितलं, त्यांनी वर्षभर अबोला धरला. चित्रं पुढेही पुष्कळदा परत आली. गयाबाई गेल्यालाही आता खूप वर्षं झाली. पण कोपऱ्यात ठिगळ शिवल्याशिवाय एकही चित्र या घराबाहेर गेलेलं नाही. परवा जालन्याच्या प्रदर्शनातल्या व्यवस्थापकांचा फोन आला, तुमच्या चित्रावर मुंग्या लागल्यात, औषध मारू का? मी म्हटलं, नको, जेवू द्या त्यांना.