सहा नट आणि माझे थोरले साडू

बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत असा दुकानदार नसेल, ज्याला माझ्या थोरल्या साडूंना पायरी चढताना पाहून आज दुकान उघडायला नको होतं असं एकदा तरी वाटलं नसेल. गंमत म्हणजे साडू भांडत नाहीत, आवाज चढवत नाहीत, घासाघीस तर मुळीच करत नाहीत. भाव सांगितला की नुसती मान डोलावतात. त्यांची शंका एवढीच असते, की समोर ठेवलेली वस्तू खरोखर ती वस्तू आहे का. तीसएक वर्षं ते पाटबंधारे खात्याच्या भांडारात कारकून होते. आलेला माल नमुन्याप्रमाणे आहे की नाही, हा शेरा मारणं हे त्यांचं काम. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं त्यांच्याकडून शिक्का परत घेतला, कपाटाची किल्ली परत घेतली. शेरा मारायची सवय तेवढी परत घ्यायची राहून गेली. तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चष्म्याशेजारी एक लोहचुंबक, एक भिंग आणि सुती रुमालात गुंडाळलेला एक व्हर्नियर कॅलिपर असतो, आणि चिखलीच्या बाजारपेठेत त्या खिशाला लोक ओळखतात.

एकदा उशी घ्यायला गेले, तर गादीवाल्याच्या फळीवर आडवे होऊन त्यांनी एकामागून एक नऊ उशा डोक्याखाली घेऊन पाहिल्या. सातवीवर त्यांचा डोळा लागला. गादीवाला भला माणूस, त्यानं पंखा त्यांच्याकडे वळवला आणि गिऱ्हाइकांना खुणेनं हळू बोलायला सांगितलं. तासाभरानं साडू उठले, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हे नको. झोप लागते, पन सपन पडते." माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासरच्यांनी मला पाहायला यांनाच मलकापूरला पाठवलं होतं. मी त्यांना शाळा दाखवली, माझा वर्ग दाखवला. त्यांनी मला अंगणात दोनदा चालायला लावलं, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून घेतली आणि जाऊन कळवलं, "पोरगा बरा हाये. आवाज जरा बारीक हाये, पन मास्तरले चालते." आमच्या संसाराला एवढी वर्षं झाली, पण बायको रागावली की अजून त्या अहवालाकडे बोट दाखवते.

अशा माणसाच्या घरी पिकअप गाडी आली, ती ताईंमुळे. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंच्या पत्नी. त्या सात-आठ बायकांना घेऊन पापड, कुरडया, शेवया आणि जवसाची चटणी करतात, आणि तो माल आसपासच्या गावांतल्या दुकानांत पोचवायला त्यांना छोटी मालगाडी हवी होती. साडूंनी जुनी गाडी पसंत करायला चौदा महिने घेतले. त्या काळात त्यांनी नाकारलेल्या गाड्यांपैकी एक तर मालक बदलत बदलत पुन्हा त्यांच्याच दारात विकायला आली होती. शेवटी पांढरी पिकअप ठरली. ती ते स्वतःच चालवतात, आणि अशा बेतानं चालवतात, की रस्त्याकडेच्या शेतातली माणसं तिला हात करून थांबवतात आणि गाडी बंद पडली का म्हणून विचारतात.

एके दिवशी मागचं डावं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्यानं नट सुटेना म्हणून पान्याच्या दांडीत लोखंडी पाईप घातला आणि अंगातला सगळा जोर लावला. नट सुटला, पण त्याचे कोपरे झिजून तो गोटीसारखा गोल झाला. पंक्चरवाला म्हणाला, "काका, एक नट बदलून टाका, झालं काम." साडूंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर घरगुती उपाय सांगणाऱ्या शेजारणीकडे पाहतो. त्यांचं म्हणणं, एकाला एवढा मार बसला तर बाकीच्या पाचांनाही बसला असणार. कशीबशी गाडी घरी आणून त्यांनी ते चाक काढलं, सहाही नट स्टीलच्या डब्यात ठेवले, गाडी विटांवर उभी केली आणि नव्या नटांच्या शोधाला निघाले. चिखली झाली, बुलढाणा झालं. आठवड्यानं ते घाट उतरून बसनं मलकापूरला माझ्याकडे आले, मांडीवर तो डबा घेऊन.

मलकापुरात हमरस्त्यामुळे ट्रकांच्या सुट्या भागांची दुकानं बरीच. आम्ही तीन दिवस हिंडलो. शेवटच्या दुकानदारानं मूठभर नट काउंटरवर ओतले. साडूंनी चुंबक लावलं, भिंगातून आटे पाहिले, कॅलिपरनं मापं घेतली आणि एकेक नट खिशात आणलेल्या, गाडीच्या मापाच्या बोल्टवर फिरवून त्याचे फेरे मोजले. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. दुकानदार कंटाळून म्हणाला, "काका, नट पाहून राह्यले का नवरी?"

साडू मान वर न करता म्हणाले, "नवरी चुकली तं एकाच घराचं वाटोळं होते. नट चुकला तं रस्त्यावरच्या सगळ्याइचं."

त्यांनी एकही नट घेतला नाही. संध्याकाळी चहा पिताना डब्यातला जुना नट त्यांनी माझ्यासमोर धरला. "याचं तोंड पाहा बरं," म्हणाले. मी मोबाइलमध्ये शाळेचे निरोप वाचत होतो. हो हो म्हणालो. त्यांनी नट पुन्हा डब्यात ठेवून झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी ते चिखलीला परतले. जालन्याला एक जुनं दुकान आहे असं त्यांना बसमध्ये कुणीतरी सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. हिवरा आश्रमला कार्यक्रम होता, तिथल्या एका दुकानदारानं मोठी मागणी दिली होती आणि शनिवारी दुपारपर्यंत माल पोचायला हवा होता. "दुसऱ्या गाड्या सगळ्या लग्नाइत गुतल्या. बाया पंधरा दिवस राबल्या, भाऊजी," त्या म्हणाल्या, "आन् गाडी विटाइवर. हे जालन्याले नट पाह्यले जाऊन राह्यले."

मला एकदम स्फुरण चढलं. मी त्याच दुकानात गेलो, गाडीचं नाव सांगितलं आणि तीन मिनिटांत सहा नट घेऊन बाहेर आलो. ती तीन मिनिटं मला एखाद्या विजयासारखी वाटली. शनिवारी सकाळी चिखलीला पोचलो तेव्हा साडू डबा घेऊन पहाटेच जालन्याला गेले होते. मी चाक चढवलं. नवे नट बोल्टवर असे सरसर फिरत गेले, की मी मनातल्या मनात साडूंना एक छोटं व्याख्यान देऊन टाकलं. पापडांची खोकी भरली, ताई शेजारी बसल्या आणि मी मेहकरच्या रस्त्यानं गाडी सोडली. त्या गाडीनं आमच्याकडे आल्यापासून तसा वेग पाहिला नव्हता.

दहा-बारा मैल गेल्यावर मागून टकटक असा आवाज येऊ लागला. मी म्हटलं, खोकी हलत असतील.

"खोके नाई हे," ताई म्हणाल्या. "थांबवा."

"आता पोचतोच आहोत, ताई."

गाडीचा मागचा भाग हलकेच डावीकडे सरकल्यासारखा झाला. समोरून उसानं भरलेला ट्रॅक्टर येत होता. ताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "थांबवा म्हन्लं ना."

मी कडेला घेतलं. खाली उतरून पाहिलं, तर सहापैकी दोन नट कुठेतरी पडून गेले होते, उरलेले बोटानं फिरत होते आणि चाकाच्या पत्र्यातली भोकं झिजून लांबट झाली होती. मी तिथेच चाकाजवळ बसलो. ताईंनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, स्वतः पदरानं तोंड पुसलं आणि साडूंना फोन लावला. ते परतीच्या वाटेवर देऊळगाव राजाच्या बसस्थानकावर होते.

ते आले तेव्हा दुपार टळली होती. काळीपिवळी जीपमधून उतरले आणि आधी ताईंकडे गेले. "लागलं नाई ना?" त्यांनी विचारलं. ताईंनी नाही म्हटलं, तरी त्यांनी त्यांचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. मग माझ्याकडे वळले. मी बोलणी खायला तयार होतो, खरं सांगायचं तर मला ती हवी होती. साडूंनी माझा एक नट काढून तळहातावर घेतला आणि शेजारी जुना ठेवला.

"आटे बरोबर हायेत तुमचे," ते म्हणाले. "पन तोंड पाहा. जुन्याले उतार हाये, चाडीसारखा. चाकाच्या भोकालेबी तसाच उतार हाये. तो याच्यात बसते. तुमचा सपाट हाये. तो बसत नाई, नुसता टेकते."

पेरणीच्या चाडीसारखा, नरसाळ्यासारखा निमुळता उतार मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. मलकापूरला चहा पिताना ते मला हेच दाखवत होते.

मग त्यांनी रुमालातून जालन्याचे सहा नट काढले. झिजलेलं चाक उतरवून स्टेपनी चढवली, समोरासमोरचे नट जोडीजोडीनं आवळले, पुन्हा आवळले आणि दहा पावलं मागे जाऊन चाकाकडे पाहत उभे राहिले. ऊन मावळायला लागलं होतं. "अहो, चला," ताई म्हणाल्या. "हाव," म्हणाले, आणि परत येऊन तिसऱ्यांदा आवळले. हिवऱ्याला पोचलो तेव्हा दुकानदार तोंड पाडून बसला होता, पण माल त्यानं घेतला, कारण कार्यक्रमाची गर्दी अजून ओसरली नव्हती. त्या दिवसाबद्दल साडूंनी मला किंवा माझ्या बायकोला कधीही एक अवाक्षर ऐकवलं नाही. ताईंनी मात्र सगळ्या नातलगांना ऐकवलं, आणि ते योग्यच झालं.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मधल्या काळात साडूंच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया झाली, तरी डाव्या डोळ्यानं म्हणावं तसं दिसत नाही. गाडी आता ताईंनी लावलेला ड्रायव्हर चालवतो. मागच्या महिन्यात साडूंना हातात धरायला काठी हवी होती, म्हणून मी त्यांना घेऊन बाजारात गेलो. दुकानदारानं त्यांना ओळखलं, एक सुस्कारा सोडला आणि हाताला लागली ती पहिली काठी पुढे केली. साडूंनी ती घेतली, जमिनीवर एकदा टेकवली आणि म्हणाले, "ठीक हाये. द्या बांधून."

दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. मी साडूंकडे पाहिलं. त्यांनी खिशाकडे हातसुद्धा नेला नव्हता.

"तुम्ही नीट पाहिली नाही," मी म्हटलं.

"काय पाहाचं आता," ते म्हणाले. "काठीच तं हाये."

मी ती काठी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि दुकानदाराला म्हटलं, "सगळ्या काढा." त्यानं माळ्यावरून दोन जुड्या उतरवल्या. साडूंना मी स्टुलावर बसवलं आणि एकेक काठी हातात घेऊन पाहू लागलो. मूठ चाचपली, टोकाचं रबर ओढून पाहिलं, कुठे गाठ आहे का त्यावर बोट फिरवलं. मागे गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. पहिल्या तीन काठ्या झाल्या तरी साडू रस्त्याकडे तोंड करून बसले होते. चौथी मी बाजूला ठेवायला लागलो, तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

"थांबा," म्हणाले. "ते इकडं द्या जरा."