धुक्याची झडती

आमच्या हिच्या मामांनी ज्यावर कधी संशय घेतला नाही अशी एकच गोष्ट या जगात आहे, ती म्हणजे त्यांचा स्वतःचा संशय. बाकी दूधवाला, हवामानाचा अंदाज, दिवाळीला शेजाऱ्यांकडून आलेला फराळ आणि या सगळ्यांच्या वर मी, अशी त्यांची यादी कायम तयार असते. हयात शाळामास्तरकीत गेली आणि त्यातली बरीच वर्षं दहावीच्या परीक्षेत कॉप्या पकडणाऱ्या भरारी पथकात. मोज्यातून इतिहास आणि कंपासपेटीच्या झाकणातून भूमिती बाहेर काढलेल्या माणसाला जग सरळ कसं दिसणार? लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडलो, तेव्हा आशीर्वादाआधी त्यांनी माझ्या शर्टाकडे निरखून बघितलं. "बाह्या फारच लांब आहेत, जावईबापू," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडे हडपसरला जाताना मी आजही अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालतो.

निवृत्त झाल्यावर लोक गीता वाचतात, बाग करतात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होतात. मामा धुक्याचे फोटो काढू लागले. "जे स्वच्छ दिसतं ना, त्यात काहीतरी दडवलेलं असतं," असं त्यांचं म्हणणं. "धुकं निदान सांगून दडवतं." त्यांच्या फोटोत पांढऱ्यावर पांढरं असतं, फार तर एखादं बाभळीचं खोड, किंवा फक्त त्यांनाच ठाऊक असलेला एखादा बगळा. "यांचा अल्बम म्हणजे कोरी वही," असं मामी सगळ्या पाहुण्यांना सांगतात. पण धुकं झालं म्हणून मामा त्याच्यावर विश्वास टाकतील असं समजू नका. कुठे कचरा पेटवलेला असतो, कुठे उसाचं पाचट. म्हणून आधी धुक्याची रीतसर झडती होते. चष्मा काढून हवेत धरायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग काचा बोटाने पुसून बोटाचा वास घ्यायचा. नुसता ओलावा लागला तर धुकं, जळका वास आला तर कॅमेरा पिशवीतून न काढता घरी परत. एकदा खडकवासल्याला एका पहारेकऱ्याने त्यांना हटकलं आणि कॅमेऱ्यातले सगळे फोटो दाखवायला लावले. तीस-पस्तीस पांढरे चौकोन बघून त्याचा संशय आणखीच वाढला आणि त्याने मामांना तासभर बसवून ठेवलं. मामांनी उभ्या आयुष्यात त्या पहारेकऱ्याइतकं कौतुक कुणाचंच केलेलं नाही. "माणूस कामाचा आहे," असं घरी येऊन तीनदा म्हणाले.

त्यांची एक जागा होती. मांजरी गावाच्या पुढे, उसाच्या शेतांमागे, नदीच्या काठावर कुठेतरी. तिथं धुकं जमिनीवर उतरून तासन् तास हलत नाही, असं ते सांगत. पण कुठे, हे मामींनाही माहीत नव्हतं. मांजरीला जायचं असलं की ते आधी सासवड रस्त्याने निघत, फुरसुंगीला थांबून मागे कोणी येतंय का बघत आणि मग वळसा घालून परत येत. फोटोची चोरी होते म्हणे. जे दिसतच नाही ते चोरणार काय, हे विचारण्याची माझी कधी छाती झाली नाही.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका, पुढे अवघड होईल. मामा बाहेर आले ते डॉक्टरांवर संशय घेऊनच. "आतली लेन्स काढून दुसरी बसवणार म्हणतो. माझी कुठे जाणार, ते मात्र सांगत नाही. दुरुस्तीला टाकलेली लेन्स तीच परत आल्याचं कधी ऐकलंय का तुम्ही?" मामी रडल्या, ही भांडली, काही उपयोग झाला नाही. माणूस आंधळा होईल, पण फसणार नाही, अशी त्यांची तयारी दिसत होती. मला खरंच भीती वाटू लागली होती.

डिसेंबरात एका पहाटे त्यांचा फोन आला. "जावईबापू, धुकं पडलंय. मला आता स्कूटर चालवता येत नाही. रस्ता बघितलात तरी लक्षात ठेवायचा नाही." मी त्यांना मागे बसवून सासवड रस्त्याने निघालो, फुरसुंगीला थांबलो, मागे वळून बघितलं आणि मांजरीला पोचलो. उसातल्या पायवाटेच्या तोंडाशी मामा चष्मा हवेत धरून उभे राहिले आणि मी जागा बघायला पुढे गेलो.

तिथं प्री-वेडिंगचं शूटिंग चाललं होतं. लाल घागऱ्यातली मुलगी, सुटातला मुलगा, दोन पांढऱ्या छत्र्या, एक ड्रोन आणि मेकअपवाल्यांसकट दहा-बारा माणसं. मला काय सुचलं देव जाणे, मी सरळ हात जोडले. "दहा मिनिटं फक्त गप्प उभे राहा."

"काका, लाइट जाईल आमचा," कॅमेरावाला म्हणाला.

"माझे मामेसासरे आहेत. डोळे जातायत त्यांचे. ही त्यांची जागा आहे, कुणालाच माहीत नाही."

मुलीने एकदा आपल्या सगळ्या लवाजम्याकडे बघितलं. "ओके काका, कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली आणि मागे वळून दबक्या आवाजात ओरडली, "ए, सगळे स्टॅच्यू!"

मामा चाचपडत आले. "कोण आहे?"

"कुणी नाही, मामा."

"मग बोलत कुणाशी होतात?"

"फोनवर. घरी."

त्यांनी ट्रायपॉड उभा केला. "शांतता जरा जास्तच आहे," असं पुटपुटत चार फोटो काढले. समोर बारा माणसं श्वास रोखून उभी होती आणि मी थोडा पुढे, कडेला, त्यांना हात जोडून. त्या मुलीची ओढणी तेवढी वाऱ्याने हलली.

परतताना मांजरीच्या टपरीवर चहा घेतला. मामा कप खाली ठेवून म्हणाले, "तिथं लाल काहीतरी हललं."

"पळस असेल," मी म्हणालो.

"पळस? डिसेंबरात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेखाली कितीतरी पोरांनी आपणहून चिठ्ठ्या काढून दिल्या असतील. मी पण सगळं सांगून टाकणार, एवढ्यात ते म्हणाले, "असेल. यंदा लवकर फुलला असेल." त्यांनी कप उचलला आणि उरलेला चहा सावकाश संपवला. आठवड्याने त्यांनीच फोन केला. "डॉक्टरांची वेळ घ्या. आणि जावईबापू, तुम्ही बरोबर या."

दोन्ही डोळे नीट झाले. पट्ट्या निघून महिना झाल्यावर मामांनी कॉम्प्युटरवर ते चार फोटो उघडले, तेव्हा मी शेजारीच होतो. मोठे करून बघितल्यावर लाल घागरा स्वच्छ दिसला. छत्री दिसली, आणि फोटोच्या कडेला दोन्ही हात जोडून त्या लोकांकडे बघत उभा असलेला मीही दिसलो. मामांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. माझ्याकडे वळले मात्र नाहीत. आपल्या कुठल्याच फोटोला आजवर नाव न देणाऱ्या त्या माणसाने एकेका बोटाने अक्षरं शोधत त्या फोटोखाली लिहिलं, 'पळस'. मग मामींना हाक मारली आणि जावईबापूंसाठी चहा टाकायला सांगितलं.