म्हाताऱ्याचा एक नंबर

सिंदेवाहीच्या धान खरेदी केंद्रावर कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिवणारी बाई आली होती. चष्मा कपाळावर चढवे आन् मंग तोच टेबलभर शोधे. बाहेर माह्यं धान डुकरं खाऊन राह्यले होते. कॉम्प्युटरच्या यादीत एक नंबरवर असलेला म्हातारा नुकताच वारला होता. मी अंगठाबहाद्दर, मले वाटलं जागा खाली झाली.

"बाई, त्याचा नंबर मले द्या ना. माह्यं धान पैले मोजून होईन."

"भाऊ, हा रांगेचा नंबर नाई, नोंदीचा आहे. माणूस मेला तरी त्याचा नंबर दुसऱ्याले देत नाई."

मी डुकरं हाकलाले गेलो.

घरी मी नुसता हातपाय धुवाले उठलो का पोरगा माह्या खाटेवर पसरते. कॉम्प्युटरात मात्र मेल्यावरबी जागा पक्की!